आंबिलीचा आकडा

हसा. हसून घ्या आधी सगळे, मग सांगतो. रेणापुरात एष्टीतून उतरलो की पानटपरीवाला हसायलाय, सोसायटीत गेलो की सेक्रेटरी हसायलाय, अन् परवा तर सासुरवाडीहून मेव्हण्याचा फोन... "दाजी, ऐकलं ते खरं हाय का? विमानतळावर मशीनीत घावलात म्हणं?" आता काय सांगावं माणसानं? हाव, घावलो. मशीनीत फुंकलं, आकडा आला, चिठ्ठी निघाली, चिठ्ठीवर नाव किशनराव. सगळं खरं हाय. अन् तरीबी तुम्हाला सांगतो, आमच्या घरात थेंब न्हाई. बापानं घेतली न्हाई, आज्यानं घेतली न्हाई, म्या तर वास आला की रस्ता बदलतो. थेंब न्हाई.

अन् मी कोण? गावच्या दारूबंदी समितीचा अध्यक्ष. म्हंजे बगा, काम सगळं आमच्या घरचीचं, सिंधुचं. शाळेच्या वाटंवर देशीचं दुकान होतं. हिनं बाया गोळा केल्या, तहसीलला खेटे घातले, मतदान लावलं. उभी बाटली म्हंजे दुकान ऱ्हाऊ द्या, आडवी बाटली म्हंजे बंद करा. बायांनी रांगा लावून बाटली आडवी पाडली अन् दुकानाला कुलूप ठोकलं. मग समिती करायची आली तर सरपंच म्हणला, बोर्डावर गड्याचं नाव शोभतं. झालो मी अध्यक्ष. बाटली पाडली हिनं अन् हार घातला मला. म्या काढला न्हाई, खोटं कशाला बोलू, चांगला झेंडूचा होता.

तर आमच्या दोघांची एकच लेक, ऋतुजा. तिचं सांगायला लागलो की मला थांबा म्हणावं लागतं, तवा तुम्हीच थांबवा. ही पोरगी शाळंत होती तवाच ट्रॅक्टरला ट्रॉली लावून उलटी घ्यायची, अशी सरळ, अशी सरळ की दोन्ही बाजूला भिताडाला बोट लागंना. ट्रॉली उलटी घ्यायला आमच्या गावच्या भल्या भल्या गड्याला घाम फुटतो, कामून की चाक इकडं फिरवलं की ट्रॉली तिकडं जाती. ती पोरगी आता विमान चालवती. लातूरच्या अलीकडं माळावर विमान शिकवायची शाळा हाय, तिथं ऱ्हाती, खाकी न्हाई, पांढरा शर्ट घालती, खांद्यावर काळ्या पट्ट्या. गावातले लोक काय इचारावं? "किशनराव, पोरीला म्हणावं येता येता आमच्या तुरीवर फवारा मारून दे." दुसरा म्हणतो, "लग्नात वरून फुलं टाकील का?" म्या म्हणलं टाकील की, पर आधी तुज्या पोराला पोरगी मिळू दे.

हां, तर काय सांगायलो होतो... येळवस. पुण्याकडच्या माणसाला येळवस सांगावी लागती, तुम्हाला काय सांगायची. वेळ अमावस्या. आख्खा लातूर जिल्हा त्या दिवशी रानात. गावात कुत्रं सापडंना. रानात कडब्याची कोपी करायची, तिच्यात लक्ष्मी मांडायची, भज्जी, उंडे, तिळाची भाकरी, अन् सगळ्याच्या वर माठभर आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवायचं, शिजवायचं, पुन्हा ताक, लसूण, जिरं, मीठ. थंडगार, आंबटढाण. अन् दस्तूर काय? बांधावरून कोण बी जाऊ दे, वळखीचा का अनवळखी, त्याला आंबील पाजल्याबिगर सोडायचं न्हाई. अन् ज्याच्या म्होरं गिलास आला त्यानं न्हाई म्हणायचं न्हाई. हे ध्यानात ठिवा. ह्याच दस्तुरानं माझा घात केला.

आता नेमकं त्याच दिवशी ऋतुजाची शेवटची परीक्षा. बाहेरून एक मोठे कॅप्टन येणार, तिच्या बाजूला बसणार, ती विमान उडवणार, अन् त्यांनी मान हलवली तर पक्का परवाना. पोरीचा फोन आला, "आई, मला येळवशीला न्हाई येता येणार." सिंधुनं फोन ठिवला, माठ काढला. म्या म्हणलं, "अगं, दोन दिस हायत की अजून." तर म्हणली, "लेकरू येळवशीला येत न्हाई तर येळवस लेकराकडं जाईल. तुम्ही टेम्पो सांगा."

अन् इथंच बगा गडबड झाली. हरसाल आदल्या दिवशी लावायची आंबील हिनं आधीच लावली. थंडी लई होती म्हणून माठाला गोधडी गुंडाळली, वर माझं स्वेटर गुंडाळलं, अन् चुलीच्या ऊबंला ठिवला. म्या रातभर काकडत, माठ स्वेटर घालून. सकाळी टेम्पोत माठ मधी, माठाच्या एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला मी, अन् रस्ता तर तुम्हाला ठावं हाय कसा हाय. खड्ड्याखड्ड्याला आंबील आतून डुबुक डुबुक करायली, वरचं फडकं फुगायलंय. म्या म्हणलं, "सिंधु, ही जरा ज्यास्तच चढली." तर म्हणली, "चढू दे. माझी लेक बी चढायलीच की आभाळात."

शाळंच्या गेटावर वाचमन, संगप्पा. निलंग्याच्या पलीकडचा, निम्मं मराठी, निम्मं कानडी. आधी हात आडवा केला, "यजमानरे, आत सोडायचा हुकूम इल्ला." सिंधुनं त्याच्याशी वाद घातला न्हाई, काय न्हाई. गिलास भरला अन् त्याच्या म्होरं धरला. येळवशीचा गिलास. निलंग्याचा माणूस त्यो, न्हाई म्हणतोय का? एक प्याला, डोळे मिटले, अन् गेट उघडलं. म्हणला, "अव्वा, आमच्या घरी बी अस्संच." त्याला बी सण सोडून ड्यूटीवर यावं लागलेलं. बिचाऱ्यानं दुसरा गिलास स्वताच म्होरं केला.

आत गेलो तर ते मोठे कॅप्टन व्हरांड्यात उभे, मिशा पांढऱ्या, पाठ सरळ. म्या जरा दबकलो. ही कशाला दबकती? गिलास म्होरं. त्यांनी इचारलं, "हे काय आहे?" ही म्हणली, "सण हाय सायेब." एक घोट, दुसरा घोट, गिलास खाली. "वा, काय सुंदर ताक आहे हो." ताक म्हणले. हिच्या कपाळाला आठी पडली, पर परीक्षा त्यांच्याच हातात म्हणून गप बसली. मला बी एक दिला. मग ऋतुजा पळत आली, पांढऱ्या शर्टात, अन् तुम्हाला सांगतो, तिला तशी बघून म्या माझीच टोपी सरळ केली. आईच्या पाया पडली, गिलास घेतला, उभ्या उभ्या संपवला. तिच्या डोक्यात तरी कुठून यावं? दात आले तवापासून पितीय ती आंबील.

एकटीनं घेतली न्हाई ती सिस्टर प्रियदर्शनीनं. नायगावची पोरगी, तिथं उडायच्या आधी सगळ्याला तपासायचं काम तिचं. म्हणली, "काकू, राग मानू नका, मी ड्यूटीवर हाय. काम झाल्यावर दोन गिलास घेते." अन् खोलीत जाऊन टेबलावर ती मशीन मांडून बसली. मोबाईलपेक्षा थोडी मोठी, म्होरं नळी. उडायच्या आधी फुंकायचं, पोटात दारू आसंल तर आकडा येतो, न्हाई तर शून्य, अन् नावाची चिठ्ठी निघती. सिंधुनं दारातून बघितलं, म्हणली, "एवढंच ना? फुंकणी हाय की. चुलीम्होरं जल्म गेला आमचा, फुंक लेकरा."

ऋतुजानं फुंकलं.

मशीन वरडली. टूंऽऽ करून. लाल दिवा.

सिस्टरनं मशीनीकडं बघितलं, ऋतुजाकडं बघितलं. दुसरी नळी लावून तिनं स्वता फुंकलं... काय न्हाई, शून्य. म्हंजे मशीन शाबूत. पोरीचं तोंड पांढरं पडलं. "सिस्टर, मी आयुष्यात कधी..." सिस्टर म्हणली, "मला माहीत हाय गं. पर मी माहीत आसणं हा पुरावा न्हाई, मशीनीचा आकडा पुरावा हाय. आता चूळ भरायची, वीस मिनिटं थांबायचं, कायबी तोंडात घालायचं न्हाई, अन् पुन्हा फुंकायचं. दुसऱ्या वेळंला शून्य आला तर ठीक. न्हाई आला तर मला वर कळवावं लागतं. मग उडणं बंद, काही महिने, अन् नावाम्होरं ते कायमचं."

नावाम्होरं कायमचं. ऐकलं का? ट्रॉली सरळ घेणारी माझी पोरगी, अन् तिच्या नावाम्होरं दारू. अन् आमच्या घरात थेंब न्हाई.

मला ठावं हाय सिंधुच्या डोक्यात काय आलं ते. जिनं बाटली आडवी पाडली तिचीच लेक विमान चालवताना पिऊन घावली... हे गावात कळलं तर त्या दुकानदारानं पेढे वाटले असते. हिनं एकदा माठाकडं बघितलं. मग एकदम सरळ झाली. "बाई," म्हणली सिस्टरला, "तुमची मशीन खोटं बोलत न्हाई, मान्य. माझी लेक बी खोटं बोलत न्हाई. मग ऱ्हायलं काय? माठ. ह्या माठातलं जेवढ्यानी प्यालंय तेवढ्यानी फुंकायचं. मोठे सायेब बी."

म्या तिचा पदर ओढला. कॅप्टन सायेब, परीक्षा घेणारे, त्यांना मशीनीत फुंका म्हणती ही बाई. पर ते काय म्हणावं? "बरोबर आहे बाईंचं. मलाही उडायचंय की तिच्या शेजारी." फुंकलं. टूंऽऽ. त्यांच्या मिशा खाली आल्या. "तीस वर्षं विमान चालवलं मी," म्हणले, "आजपर्यंत असा आवाज ऐकला नव्हता." संगप्पाला बोलावलं. त्यानं दोन गिलास मारलेले, मशीन त्याच्यावर ज्यास्तच वरडली. त्यो हात जोडून, "नंदेनु तप्पिल्ला सर, माझं काय चुकलं न्हाई, अव्वानं दिलं." मग मी. छाती काढून म्होरं झालो. म्हणलं, "माझं बी घ्या. किशनराव, अध्यक्ष, दारूबंदी समिती. थेंब न्हाई आमच्या घरात." टूंऽऽ.

मला सांगा, ज्या माणसानं जल्मात वास घेतला न्हाई त्याच्यावर मशीन वरडावी? पर आनंद झाला मला. पोरीवर एकटीवर वरडली न्हाई, सगळ्यावर वरडली. कॅप्टन म्हणले, "हुरळू नका. आंबवलेला पदार्थ आहे, तोंडात वास राहतो, तो यंत्राला कळतो. तोंडातलं असेल तर थोड्या वेळानं जाईल. पोटातलं, रक्तातलं असेल तर जाणार नाही. दुसऱ्या फुंकेत कळेल. तोवर नियम म्हणजे नियम." कडक माणूस. पर कडक बरा, पुरावा कडकच पायजे.

सगळ्यांनी चुळा भरल्या, संगप्पानं तर गुळण्या अशा केल्या की झाडावरचे पक्षी उडाले. अन् बसलो व्हरांड्यात. ऋतुजा पायऱ्यावर, हात मांडीवर, आभाळाकडं बघत. समोर तिचं पांढरं विमान, लहानसं, वाट बघायलं. मला ती वीस मिनिटं सोसंनात. उठतो, बसतो, उठतो, बसतो. सिंधुला तर त्याहून सोसंना. अन् ही बाई घाबरली की काय करती? हाताला काम लावती. पदर खोचला, माठाजवळ गेली, गिलास इसळला, भरला, अन् माझ्या म्होरं धरला. माझ्याकडं बघितलं बी न्हाई तिनं. "धरा." एवढंच. तीस वर्षं तिनं धरा म्हणलं की म्या धरतो. येळवशीचा गिलास म्होरं आला की न्हाई म्हणायचं न्हाई. प्यालो. तिला कळलं न्हाई तिनं दिला, मला कळलं न्हाई म्या प्यालो. देवाच्यान.

वेळ झाली. सिस्टर म्हणली, "वडीलधाऱ्यांपासून सुरू करू." म्या पुन्हा छाती काढून म्होरं. आता शून्य येणार, पोरीला धीर येणार, बाप म्हंजे काय ते दिसणार. फुंकलं.

टूंऽऽ.

कॅप्टन सायेब खुर्चीतून उठले. तोंड असं झालं की म्या बघूच शकलो न्हाई. "चूळ भरून, थांबूनसुद्धा? म्हणजे हे आंबिलीचं नाही. तुम्ही घरूनच घेऊन निघालात की काय? मग मुलीनंही..." अन् थांबले. तुम्हाला सांगतो, त्या 'मुलीनंही'वर म्या दोन्ही हात जोडले. म्या म्हणायलोय, सायेब, थेंब न्हाई, आमच्या घरात थेंब न्हाई, अन् तोंड उघडलं की माझ्याच तोंडाचा वास माझ्याच नाकात. ऋतुजानं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई हो, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "अप्पा?" म्हणली, हळूच.

मग ती उठली. मशीनीपाशी गेली. ट्रॉली उलटी घेताना मान जशी सरळ धरायची तशी धरली, अन् फुंकलं.

काय न्हाई. हिरवा दिवा. शून्य.

सिंधुनं भिताडाला टेकून डोळे पुसले. पर कॅप्टन हलंनात. पुढं संगप्पा, शून्य. मग सायेबांनी स्वता फुंकलं, शून्य. अन् तरीबी हलंनात. "एकाच माठातलं सगळ्यांनी प्यालं. तिघांचं गेलं, ह्यांचंच कसं राहिलं? मला समजल्याशिवाय मी विमानात बसणार नाही." माझ्याकडं सगळे बघायले. मी मशीनीकडं बघायलो. अन् सिस्टरनं मला इचारलं, शांतपणी, "काका, मधल्या वेळात कायबी तोंडात घातलं का?"

म्या सांगणार होतो 'न्हाई'. इमानानं सांगणार होतो, कामून की मला आठवतच नव्हतं. तवर सिंधु वरडली, "अगं माय! गिलास. म्याच दिला की ह्यांना."

कॅप्टन सायेब हसले. पहिल्यांदा हसले ते. मांडीवर हात मारला. "झालं. आता पुरावा पुरा झाला. जे थांबले त्यांचं उतरलं, जो पुन्हा प्याला त्याचं पुन्हा आलं. याहून स्वच्छ पुरावा मला कोणी देऊ शकलं नसतं. काका, तुमचे उपकार आहेत." अन् पोरीला म्हणले, "चला कॅप्टन." कॅप्टन म्हणले तिला. माझ्या म्होरं.

म्या सिस्टरला म्हणलं, "बाई, माझी बी तिसरी घ्या की. मी पुन्हा चूळ भरतो, थांबतो, माझा बी शून्य येऊ द्या." ती मशीन पेटीत घालायली होती. म्हणली, "काका, तुम्हाला विमान उडवायचं हाय का?" म्हणलं न्हाई. "मग ऱ्हाऊ द्या."

ऱ्हाऊ द्या. ऱ्हायलं ते ऱ्हायलंच.

विमान धावलं, धावलं, अन् जमिनीवरून असं अलगद सुटलं की चाकाला कळलं बी नसंल. सिंधु तारंच्या कुंपणापाशी गेली. येळवशीला शेताच्या चारी बाजूला आंबील शिंपडतात ना, पिकाला बरकत यावी म्हणून? हिनं कुंपणाच्या कडंकडंनं शिंपडली. संगप्पा म्हणला, "अव्वा, हे सरकारी माळ हाय." ही म्हणली, "माझी लेक पिकायलीय हितं." अन् तो गप मागं मागं माठ घेऊन चालला. सिस्टरनं तिचे दोन गिलास घेतले, कबूल केल्याप्रमाणं. अन् वर... वर माझी पोरगी. म्या मान वर करून बघत ऱ्हायलो, अन् मला लाज वाटत नव्हती, आकड्याची न्हाई, कशाचीच न्हाई. रेणापूर तालुक्यातली पोरगी आभाळात, अन् तिच्या चिठ्ठीवर शून्य. खाली उतरली तवा कॅप्टननं मान हलवली, दोनदा हलवली.

आता तुम्ही म्हणाल, मग गावात काय झालं? सिंधुनं दोन्ही चिठ्ठ्या सिस्टरकडून मागून आणल्या. पोरीची देव्हाऱ्यात ठिवलीय, हळदकुंकू लावून. माझी शोकेसमधी. आल्या गेल्याला दाखवती, "हे लेकीचं बगा, शून्य. अन् हे ह्यांचं." मधला गिलास सांगायची इसरती. कधीकधी आठवती, पर तवर पाव्हणा हसून निघून गेलेला असतो. समितीची बैठक लागली. सरपंच म्हणला, "किशनराव, आमचा तुमच्यावर भरोसा हाय, पर आकडा आलाय." राजीनामा दिला म्या. नवा अध्यक्ष कोण? सिंधु. बोर्डावर नाव तिचंच लागलं, शोभतंय बी, खरं सांगतो, माझ्यापेक्षा शोभतंय. हार म्याच घातला.

तर असं हाय. पोरीच्या नावाम्होरं कॅप्टन, घरचीच्या नावाम्होरं अध्यक्ष, अन् माझ्या नावाम्होरं आकडा. येती येळवस बी जवळ आलीय, माठ धुवून उन्हात पालथा घातलाय तिनं. ती पुन्हा म्हणील 'धरा', अन् म्या धरणार.